आकाशाची वजाबाकी

अवरक्त किरणांच्या खगोलशास्त्रात काम सुरू केले की सगळ्यांत आधी जाणीव होते ती स्वतःच्या प्रकाशाची. माणसाच्या शरीराचे तापमान सुमारे ३१० केल्विन. इतक्या तापमानाची कोणतीही वस्तू सर्वांत जास्त ऊर्जा बाहेर टाकते ती नऊ-साडेनऊ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास. आपल्या डोळ्यांना दिसते ते साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉनपर्यंतचे, म्हणून दिवा घालवल्यावर आपण एकमेकांना दिसेनासे होतो. दहा मायक्रॉनला पाहणारे डोळे असते तर अंधार कशाला म्हणतात हेच आपल्याला कळले नसते. माणसे, भिंती, टेबल, दुर्बिणीची नळी, घुमटाचा पत्रा आणि घुमटाच्या वरची हवा, सगळे रात्रंदिवस उजळत राहिले असते. त्या उजेडात बसून कित्येक प्रकाशवर्षे दूरच्या एखाद्या थंड ताऱ्याचा कवडसा ओळखायचा, हे आमचे काम.

शाळा-कॉलेजांत बोलायला जातो तेव्हा मुले हमखास विचारतात, “सर, तुम्ही काय शोधलंत?” या प्रश्नाचे छापील उत्तर आहे, शोधनिबंधांची यादी दाखवता येते. पण वेळेचा हिशेब मांडला तर खरे उत्तर असे निघते की आयुष्यातला बराचसा वेळ मी वजाबाकी करत होतो. जे दिसते त्यातून आपले काय, यंत्राचे काय, हवेचे काय, हे एकेक करून काढून टाकायचे. उरेल ते ताऱ्याचे. उरते ते फार थोडे असते. कधी हजारात एक भाग, कधी त्याहूनही कमी.

ही वजाबाकी या शास्त्राच्या जन्मापासूनच त्याच्यात आहे. १८०० साली इंग्लंडमधल्या स्लाउ गावी विल्यम हर्शेल सूर्याचे वेध घेण्यासाठी वेगवेगळ्या रंगांच्या काचा वापरून पाहत होते. काही काचांतून उजेड थोडा येई पण उष्णता पुष्कळ लागे. काहींचे नेमके उलटे. मग कोणत्या रंगात किती उष्णता, हे मोजायला त्यांनी लोलकाने सूर्यप्रकाशाचा रंगपट्टा टेबलावर पाडला आणि काळ्या केलेल्या फुग्याचा थर्मामीटर एकेका रंगात ठेवला. जांभळ्याकडून तांबड्याकडे जाताना पारा जास्त चढत गेला. तांबडा रंग संपल्यावर, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते तिथे, तो आणखी वर गेला. अवरक्त किरणांचा शोध म्हणून ही गोष्ट सगळीकडे सांगतात. सांगताना एक तपशील मात्र बहुधा गळतो. हर्शेलनी त्याच टेबलावर रंगपट्ट्याच्या बाहेरही थर्मामीटर ठेवले होते. खोली किती तापते आहे हे ते सांगत. हर्शेलनी दोन्हींतला फरक घेतला आणि तो फरक म्हणजे शोध. बाजूचे थर्मामीटर नसते तर एका उबदार खोलीची नोंद, एवढेच त्या प्रयोगाचे मोल उरले असते.

माझे शिक्षण या विषयात झाले ते गुरुशिखरावर. अरवलीच्या या सर्वांत उंच शिखराजवळ, १,६८० मीटर उंचीवर, अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची वेधशाळा आहे. तिथली १.२ मीटर व्यासाची अवरक्त दुर्बीण १९९४च्या सुमारास कामाला लागली. संध्याकाळचे पहिले काम द्रवरूप नायट्रोजन भरण्याचे. पारा, कॅडमियम आणि टेल्युरियम यांच्या संयुगापासून बनवलेला संवेदक ड्युअर नावाच्या एका निर्वात भांड्यात बसवलेला असतो आणि त्याला ७७ केल्विनपर्यंत, म्हणजे शून्याखाली १९६ अंशांपर्यंत थंड ठेवावे लागते. नाहीतर तो ताऱ्याऐवजी स्वतःचीच उष्णता मोजत बसतो. नायट्रोजन ओतताना पांढरी वाफ जमिनीवर उतरते, हातमोज्यांवर दव गोठते, आणि भांडे पुरते थंड होईपर्यंत थांबण्याखेरीज काही करता येत नाही. नव्या विद्यार्थ्याला हा वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. थोड्याच दिवसांत त्याला कळते की यंत्राला गप्प बसवणे हा निरीक्षणाचाच भाग आहे.

मग आकाशाशी गाठ पडते. दृश्य प्रकाशात चंद्र नसलेले आकाश काळेभोर असते. दीड-दोन मायक्रॉनला तेच आकाश लुकलुकते. जमिनीपासून सुमारे ८७ किलोमीटर उंचीवर हायड्रॉक्सिलचे रेणू असतात. ते रात्रभर मंद प्रकाश देतात आणि तो प्रकाश मिनिटामिनिटाला बदलतो. म्हणून तारा एका जागी ठेवून चित्र घ्यायचे, दुर्बीण काही विकला, म्हणजे अंशाचा अगदी बारीक भाग, सरकवायची, पुन्हा चित्र घ्यायचे. पहिल्या जागेला ‘अ’ म्हणा, दुसऱ्या जागेला ‘ब’. आम्ही अ-ब-अ-ब असे घेत नाही. अ-ब-ब-अ असे घेतो. आकाश सावकाश उजळत किंवा मावळत असेल तर या क्रमात दोन्ही ‘अ’ची सरासरी दोन्ही ‘ब’च्या सरासरीशी जुळते आणि बदलाचा मोठा भाग आपोआप कटतो. इतकी साधी युक्ती, पण ती उमजायला आकाश स्थिर नाही हे आधी मान्य करावे लागते.

वजाबाकीनंतर भागाकार. ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येताना हवेतील पाण्याची वाफ त्यातले काही तुकडे गिळते. १.४ आणि १.९ मायक्रॉनच्या आसपास तर ती जवळपास दारच लावून घेते. उरलेल्या खिडक्यांतून, म्हणजे सव्वा, १.६५ आणि २.२ मायक्रॉनच्या आसपास, आम्ही डोकावतो. मी कोकणातला. हवेत पाणी आहे म्हणजे सारे क्षेमकुशल आहे, अशा घरात वाढलेला. या व्यवसायाने मला पाण्याच्या वाफेकडे विघ्न म्हणून पाहायला लावले. पावसाळ्यात तर वेधशाळाच बंद असते. कोरड्या हवेच्या शोधात माणसे लडाखमधल्या हानलेला ४,५०० मीटरवर आणि हवाईतल्या मौना कीला ४,२०० मीटरवर गेली. हानलेच्या दोन मीटर व्यासाच्या हिमालयीन चंद्रा दुर्बिणीवर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बनवलेला अवरक्त वर्णपटमापक बसवलेला आहे. त्याच संस्थेने त्याआधी एक मीटरची दुर्बीण बलूनखाली टांगून हैदराबादहून सुमारे ३० किलोमीटर उंचीवर नेली होती, कारण दूर-अवरक्त किरणांना डोंगरमाथाही पुरत नाही.

पण हवा कितीही कोरडी असली तरी काही वाफ असतेच. तिने नेमके किती गिळले हे कळायला आपल्या ताऱ्याच्या शेजारचा, त्याच उंचीवरचा एखादा परिचित तारा निरखायचा. त्यासाठी बहुधा ‘ए-शून्य’ वर्गाचे तारे निवडतात, कारण हायड्रोजनच्या रेषा सोडल्या तर त्यांचा वर्णपट जवळजवळ सपाट असतो. त्याच्या वर्णपटात दिसणारे खड्डे हवेचे, असे धरून आपल्या ताऱ्याच्या वर्णपटाला त्याने भागायचे. हवा दोन्हींत सारखीच, म्हणून ती कटते.

सारा डोलारा एका गृहीतकावर उभा आहे : ज्याने भागतो तो तारा नितळ आहे. या वर्गाचा आद्य प्रतिनिधी म्हणजे आपला अभिजित. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांनी मिळून ‘आयरास’ हा उपग्रह सोडला. द्रवरूप हेलियमने थंड ठेवलेली त्याची ५७ सेंटिमीटरची दुर्बीण दहा महिने चालली, हेलियम संपेपर्यंत. सुरुवातीलाच यंत्र तपासून घेण्यासाठी ती अभिजितकडे वळवली गेली, आणि मोजणी बसेना. लांब तरंगलांबींना अभिजित हिशेबापेक्षा कितीतरी तेजस्वी निघाला. यंत्र बिघडले असेल, अशी शंका आधी आली असणारच. यंत्र ठीक होते. अभिजितभोवती धुळीची तबकडी होती आणि ती धूळ ताऱ्याच्या उष्णतेने ऊबदार होऊन उजळत होती. दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रहनिर्मितीच्या मालमसाल्यासारखे काही असल्याचा तो पहिला ठोस पुरावा. सगळ्यांना मोजण्यासाठी हाती धरलेल्या पट्टीतच हे सापडले. निरखण्यासाठी निवडलेल्या ताऱ्याइतकाच, किंवा जास्तच, संशय आपल्या मापदंडावर घ्यावा, ही शिकवण मी अभिजितकडून घेतली. इतर व्यवहारांतही ती उपयोगी पडते.

अवरक्त खगोलशास्त्राने दिलेल्या ज्ञानात मला सर्वांत मोलाची वाटते ती कोमट वस्तूंची ओळख. डोळ्यांच्या भरवशावर राहिलेल्या माणसाने आकाशाची दोन घरे केली होती : स्वतः उजळणारे तारे आणि दुसऱ्याच्या उजेडाने दिसणारे ग्रह. मध्ये काही असेल, याचा विचार करायचे कारण नव्हते. १९६२-६३ मध्ये भारतात जन्मलेल्या शिव कुमार यांनी अमेरिकेत एक गणित केले. वायूचा ढग स्वतःच्या वजनाने आकसतो, आतून तापतो आणि पुरेसा तापला की हायड्रोजनचे हेलियम होऊ लागते, तारा पेटतो. पण ढग लहान असेल तर? आकसता आकसता इलेक्ट्रॉन इतके दाटीवाटीने येतात की पुंजयांत्रिकीचे नियम त्यांना आणखी जवळ येऊ देत नाहीत. आकसणे थांबते, तापणेही थांबते आणि भट्टी पेटायची राहते. ही मर्यादा सूर्याच्या सुमारे सात ते नऊ टक्के वस्तुमानाची, असे कुमार यांचे गणित सांगत होते. जपानमध्ये हायाशी आणि नाकानो त्याच सुमारास स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोचले होते.

अशा वस्तूला आज तपकिरी बटू म्हणतात. चुलीवरून उतरवलेल्या लोखंडी तव्यासारखी तिची गत. आधी लालसर, मग काळी. पण काळी झाल्यावरही हात जवळ नेला की झळ लागते. ही झळ ओळखणारी यंत्रे येईपर्यंत तपकिरी बटू कागदावरच होते. तीसेक वर्षे लोक शोधत राहिले. १९८०च्या दशकात व्हॅन बीस्ब्रोक ८ नावाच्या ताऱ्याशेजारी असा सोबती सापडल्याचे जाहीर झाले, पुष्कळ चर्चा झाली आणि नंतरच्या निरीक्षणांत तो तिथे नव्हताच. असे दावे येत आणि विरत. विषयाचे नाव थोडे बदनामही झाले.

१९९५ मध्ये चित्र पालटले. राफाएल रेबोलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्तिकांच्या गुच्छात तेइदे-१ शोधला. आणि कॅलिफोर्नियातल्या पालोमारहून ग्लिझ २२९ बीची वार्ता आली. ती देणाऱ्या गटात होते श्रीनिवास कुलकर्णी. त्यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा, बालपण हुबळीत. ग्लिझ २२९ हा मृग नक्षत्राच्या पायाशी असलेल्या ससा तारकासमूहातला, सुमारे १९ प्रकाशवर्षांवरचा लाल बटू तारा. त्याच्यापासून आठ विकलांच्या आत, अवरक्तात त्याच्या दहा हजारांश तेजाचा एक ठिपका. ताऱ्याचा झगमगाट झाकणारे उपकरण लावून पालोमारच्या ६० इंची दुर्बिणीतून तो १९९४च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा टिपला गेला. तरी गटाने लगेच गवगवा केला नाही. मागच्या बाजूला योगायोगाने आलेला एखादा दूरचा तारा असाच दिसू शकतो. ग्लिझ २२९ आकाशात वर्षाला सुमारे ०.७ विकला सरकतो. ठिपकाही त्याच्यासोबत सरकतो का, हे पाहायला त्यांनी वर्षभर वाट पाहिली. तो सरकला.

त्याचा वर्णपट घेतला तेव्हा मिथेन दिसला. ताऱ्याच्या वातावरणात मिथेन टिकत नाही. तिथल्या उष्णतेत कार्बन ऑक्सिजनशी जोडी जमवतो आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. मिथेन दिसायला वातावरण गुरूसारखे गार हवे. या वस्तूचे तापमान एक हजार केल्विनच्याही खाली निघाले. एवढ्या गार वस्तूला तारा म्हणणे शक्यच नव्हते, आणि वस्तुमान तर गुरूच्या कितीतरी पट. सीमेवरच्या या प्रदेशात कोणीतरी राहते, याबद्दल त्यानंतर कोणी वाद घातला नाही.

तरी हिशेब पूर्ण जुळला नव्हता. पुढच्या काळात ग्लिझ २२९ बीचे वस्तुमान अचूक मोजले गेले, ते गुरूच्या सुमारे ७१ पट भरले. एवढ्या वजनाची वस्तू इतकी मंद असायला नको होती. सिद्धान्त चुकला की मोजणी? २०२४ मध्ये चिलीतल्या युरोपीय दुर्बिणींच्या जोडणीतून उत्तर आले : तिथे एक नव्हे, दोन तपकिरी बटू आहेत, गुरूच्या सुमारे ३८ आणि ३४ पट वस्तुमानाचे, आणि ते बारा दिवसांत एकमेकांभोवती फेरी मारतात. जवळजवळ तीस वर्षे ‘पहिला तपकिरी बटू’ म्हणून विद्यार्थ्यांना शिकवलेली वस्तू मुळात जोडी होती. हे कळले ते कोणीतरी न जुळणारा फरक गालिच्याखाली न सरकवता उघड ठेवल्यामुळे. वजाबाकी करून जे उरते त्याचा मान राखायचा तो असा.

२००९च्या अखेरीस ‘वाइज’ हा अवरक्त उपग्रह गेला आणि शेजारपाजार एकदम भरला. त्याच्या नोंदींतून केविन लुमन यांनी २०१३ मध्ये साडेसहा प्रकाशवर्षांवर दोन तपकिरी बटूंची जोडी शोधली. मित्र ताऱ्याची त्रयी आणि बर्नार्डचा तारा सोडला तर सूर्याला याहून जवळचे शेजारी नाहीत, आणि एकविसाव्या शतकाचे पहिले दशक उलटेपर्यंत त्यांची आपल्याला खबर नव्हती. पुढच्याच वर्षी लुमन यांनाच सात-साडेसात प्रकाशवर्षांवर आणखी एक वस्तू मिळाली. तिच्या तापमानाचा पहिला अंदाज २२५ ते २६० केल्विनचा होता, म्हणजे पाणी गोठेल इतके गार. वस्तुमान गुरूच्या तिप्पट ते दसपट. तिला कोणत्याही ताऱ्याची सोबत नाही. ती तारा नाही हे नक्की, पण ताऱ्याशिवाय भटकणाऱ्या ग्रहाला ग्रह तरी कसे म्हणावे? तज्ज्ञ १३ गुरूंएवढ्या वस्तुमानावर एक रेघ ओढतात, कारण त्याखाली ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजनही, पेटत नाही. रेघ सोयीची आहे. ढग आकसताना तो ही रेघ पाहत नाही. तापमानाच्या उतरंडीवर तारा, तपकिरी बटू, ग्रह हे एकाला लागून एक उभे आहेत आणि अवरक्त दुर्बीण त्यांच्यातून सलग उतरत जाते. पायऱ्या आपण पाडल्या आहेत. त्या असाव्यातही, पण त्या कोणी पाडल्या याचा विसर पडू नये.

या उतरंडीच्या तळाशी बर्फाळ जगे आहेत. तिथे पाहण्याची रीत उलटी. गुरूचे चंद्र, शनीची कडी, प्लूटो यांची स्वतःची उष्णता जवळच्या अवरक्तात नगण्य. तिथे आपण परावर्तित सूर्यप्रकाशच पाहतो. पण सूर्यप्रकाशातले काय परत आले नाही, हे तिथे महत्त्वाचे ठरते. डोळे दिपवणारा पांढराशुभ्र बर्फ दीड आणि दोन मायक्रॉनला प्रकाश शोषतो, तीन मायक्रॉनला तर जवळजवळ काळा असतो. म्हणून आधी सूर्यासारख्या ताऱ्याच्या वर्णपटाने भागायचे आणि मग उरलेले खड्डे वाचायचे. या वाचनातून १९७०च्या सुमारास शनीच्या कड्यांत आणि १९७२ मध्ये गुरूच्या युरोपा आणि गॅनिमिड या चंद्रांवर पाण्याचा बर्फ निश्चित झाला. तेव्हा या जगांजवळ एकही यान गेले नव्हते.

१९७६ मध्ये डेल क्रुकशँक, कार्ल पिल्चर आणि डेव्हिड मॉरिसन यांनी किट पीकच्या चार मीटर दुर्बिणीने प्लूटोवर मिथेनचा बर्फ असल्याचा पुरावा दिला. त्यामागोमाग आलेला तर्क मला शोधाहून जास्त आवडतो. पृष्ठभाग बर्फाचा, म्हणजे तो उजळ. उजळ असूनही प्लूटो इतका मंद दिसतो, म्हणजे तो लहान असला पाहिजे, कदाचित आपल्या चंद्रापेक्षाही. तोवर त्याला बरेच मोठे समजत होते. दोन वर्षांनी प्लूटोचा चंद्र शॅरन सापडला, त्यावरून वस्तुमान काढता आले आणि प्लूटो खरोखरच चिमुकला ठरला. अवरक्तात कमी पडलेल्या थोड्याशा प्रकाशावरून एका जगाचा आकार बदलला.

बर्फ वाचायलाही बारकावा लागतो. १.६५ मायक्रॉनला एक अरुंद खड्डा असतो, तो स्फटिकरूप बर्फाची खूण. अतिशीत अवकाशात बर्फ स्फटिक न होता अस्ताव्यस्त गोठतो, आणि आधीचा स्फटिक असला तरी किरणोत्साराने त्याची घडी हळूहळू मोडते. शॅरनवर पन्नासेक केल्विनच्या थंडीत अस्ताव्यस्त बर्फ असायला हवा होता. २००० साली केक दुर्बिणीने तिथे १.६५ मायक्रॉनची खूण आणि सोबत अमोनियाचीही दाखवली. म्हणजे काहीतरी त्या बर्फाला पुन्हा घडी घालते आहे : आतून झिरपणारे काही असेल किंवा बारीक उल्कांचे आघात असतील. कारणांवर अजून वाद आहे. खूण मात्र पक्की आहे. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने युरोपावर कार्बन डायऑक्साइड दाखवला, तोही सरसकट नव्हे तर तारा रेजिओ या खडबडीत, तरुण भूभागात एकवटलेला. बर्फाखालच्या समुद्रातून तो वर आला असावा, असा अर्थ बहुतेक जण लावतात.

इतकी वर्षे वजाबाकी केल्यावर तिच्या धोक्यांबद्दलही बोलले पाहिजे. ‘रिकामे’ म्हणून निवडलेल्या आकाशाच्या तुकड्यात एखादा मंद तारा असला तर वजाबाकीनंतर चित्रात उणे तारा उमटतो, एक काळा खळगा. तो निदान दिसतो. पसरट तेजोमेघाचे काम करताना शेजारचे आकाश वजा करावे तर त्यातही तेजोमेघाचाच विरळ पदर असतो, आणि आपण शोधत असलेली गोष्टच आपल्या हाताने काढून टाकतो. ती गेली हे कळतही नाही. म्हणून काय वजा केले याची नोंद निकालाइतकीच जपावी लागते. आणि मी आयुष्यभर उपद्रव म्हणून काढून टाकलेल्या हायड्रॉक्सिलच्या रेषा दुसऱ्या कोणाच्या अभ्यासाचा विषय आहेत. त्यांच्यावरून ८७ किलोमीटर उंचीवरच्या हवेचे तापमान मोजतात. माझा केर त्यांचे धान्य. विश्वात ‘पार्श्वभूमी’ अशी वस्तूच नाही. ती ठरते आपल्या प्रश्नावरून.

हे सारे माणसांच्या व्यवहाराला जसेच्या तसे लागू पडते, असे म्हणण्याचा मोह मी टाळतो. तारे आपल्यावर रागावत नाहीत, माणसे रागावतात. तरी एक सवय या कामाने लावली. एखाद्याबद्दल मत बनवताना त्यात माझी स्वतःची ऊब किती, माझ्या आवडीनिवडीचा प्रकाश किती, हे आधी विचारावेसे वाटते. दर वेळी जमत नाही. पण प्रश्न विचारल्यावर मत थोडे थंड होते आणि थंड झाल्यावर अधिक दिसते, हा अनुभव आहे.

आता नव्या पिढीविषयी. २५ डिसेंबर २०२१ रोजी निघालेली जेम्स वेब दुर्बीण पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर दूर, पाच पदरी छत्रीच्या सावलीत काम करते आहे. तिचे एक उपकरण तर सात केल्विनच्याही खाली ठेवलेले आहे. हवा नाही, घुमट नाही, माणूस नाही. आमच्या काळची निम्मी वजाबाकी तिने जागा बदलूनच करून टाकली. तिची रंगीत चित्रे मोबाइलवर सगळ्यांनी पाहिली आहेत. मुले ती पाहून भारावतात आणि मग आपल्या गावातून यात काय करता येणार, म्हणून हिरमुसतात. हा हिरमोड अकारण आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘बॅकयार्ड वर्ल्ड्‌स’ या प्रकल्पाने वाइजची चित्रे सर्वसामान्य लोकांपुढे ठेवली. एकाच जागेची वेगवेगळ्या वर्षांतली चित्रे आलटून पालटून पाहायची आणि सरकणारा ठिपका ओळखायचा, एवढेच काम. यंत्राने केलेल्या वजाबाकीत उरलेल्या डागांपासून खरा ठिपका वेगळा काढायला अजूनही माणसाची नजर लागते. २०२० पर्यंत या लोकांनी सूर्याच्या परिसरातले ९५ तपकिरी बटू शोधून दिले. त्यांत दुर्बिणीला कधी हातही न लावलेले लोक होते.

पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेपासून मुंबईच्या खगोल मंडळापर्यंत आकाशदर्शन घडवणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत, आणि तालुक्यातालुक्यांत विज्ञानाचे उत्साही शिक्षक आहेत. त्यांना माझी एक विनंती आहे. मुलांना तयार रंगीत चित्र दाखवायच्या आधी एकदा कच्चे चित्र दाखवा : डाग पडलेले, आकाशाने भरलेले, ज्यात तारा शोधूनही सापडत नाही असे. मग शेजारचे दुसरे चित्र द्या आणि वजाबाकी त्यांनाच करू द्या. संगणकावर ती दोन ओळींत होते. वाइजची आणि त्याआधीच्या दोन मायक्रॉन सर्वेक्षणाची चित्रे सर्वांसाठी खुली आहेत. वेब दुर्बिणीचीही बहुतेक निरीक्षणे जास्तीत जास्त वर्षभरात खुली होतात. ती उतरवून घ्यायला परवानगी लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत.